कागलला न थांबता

…तर तिसरा नारळ गाडीला कुठं बांधायचा, इथवर काल आपण आलो होतो. दोन नारळ आधीच डाव्या पिशवीत खडखडत होते, उजवीकडं शेंगांचं गठुडं, मागं मिरच्यांचं बाचकं, आणि संकेश्वरची बायडाबाई मावशी तिसरा नारळ हातात घेऊन गाडीपुढंच उभी राहिलेली. "ओटीचा नारळ हाय. ठिवून जाशील व्हय गं?" शेवटी क्रांतीनं तो नारळ जाकिटात घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बुलेट सुरू केली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईचे दिवस भरत आलेत आणि एकटीच दवाखान्याला निघालीय.

हे तिनंच घरी येऊन सांगितलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. ती मात्र हसली नाही, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गोष्ट हसण्याच्या पलीकडं गेलेली आहे.

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. क्रांती माझी सून, विजयसिंहची बायको. आम्ही राहतो फुलेवाडीला. विजयसिंह शिरोलीच्या फाउंड्रीत आणि क्रांती दुधाच्या कामावर. वारणानगरच्या बाजूला खेड्याखेड्यातनं दूध गोळा होतं, त्या केंद्रांवर देखरेख करायची, फॅट बघायची, भांडणं मिटवायची. लग्न होऊन आली तेव्हापासनं मोटारसायकलवर आहे. वर मलकापूरपर्यंत तिचा मुलूख. ह्या माणसांची एक रीत बघा, दूध घालायला आलेली बाई आधी विचारणार, "च्या घेतला न्हवं?" घेतला म्हटलं तरी आणणार. रोज एवढ्या केंद्रांवर एवढा चहा पिऊन ती घरी आली की आमच्या घरचा चहा बघून तोंड फिरवते.

आता तिच्या डोक्यात हे खूळ कसं शिरलं? उद्यमनगरात चमन म्हणून एक सीटवाला आहे. मोटारसायकलच्या सीटा शिवतो. त्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं आहे. परदेशातली एक संस्था आहे म्हणे. चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर मोटारसायकल चालवायची. पेट्रोल पंपाच्या पावत्या जपायच्या, त्यांच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. निघताना एक साक्षीदार, पोचताना एक साक्षीदार. ते सगळे कागद संस्था तपासते आणि मग सर्टिफिकेट देते.

मी म्हटलं, "पोरी, म्हंजे लई जोरात पळवाय लागत असंल."

"न्हाई मामा. जोरात पळवणाऱ्याचं काम न्हवं ते. कमी थांबणाऱ्याचं काम हाय." आणि मग म्हणाली, "इतकी वर्सं गाडी चालवली, पण दर दोन मैलाला उतरले. एकदा आपल्याला पायजे तवाच उतरायचं, दुसऱ्यानं हात केला म्हणून न्हाई. कसं वाटतं ते बघायचंय."

मला तर इतका आनंद झाला! गाडीचं वेड आमच्या घरात तसं जुनं. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी पहिली मोटारसायकल आणली तेव्हा सगळा चौथीचा वर्ग सायलेन्सरला हात लावायला गेला. पहिल्याचा हात भाजला. पण तो काही बोलला नाही. मागच्याला म्हणाला, "गार हाय, लाव की." असं करत करत सगळ्या वर्गानं हात भाजून घेतला आणि शेवटचा नंबर माझा होता. म्हणजे बघा, मोटारसायकलनं मला आयुष्यात पहिल्यांदा काही शिकवलं असेल तर ते हे, की पुढं गेलेल्या माणसाला नीट विचारावं. म्हणून मीच क्रांतीला म्हटलं, आधी चमनकडं जाऊन सगळं विचारून घे, मीही येतो.

चमननं तिची सीट उसवली. नवा फोम घालून वरनं कापड नुसतं टाचलं आणि म्हणाला, "वैनी, आठ दिवस हीच घेऊन फिरा. जिथं टोचंल तिथं चॉकनं खूण करा. सीट माझी हाय, पर कंबर तुमची हाय." आठ दिवसांनी ती परत गेली तेव्हा सीटवर पोरांच्या पाटीसारख्या रेघोट्या. चमननं बघितलं, मान हलवली, "आजोबा, ह्या रस्त्यांनी माझं निम्मं घर चालतंय," म्हणाला आणि कात्री उचलली.

रस्ता ठरला तो असा. कोल्हापुरातनं निघायचं, बंगळूर ओलांडून सेलमपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत. सरळ हमरस्ता, कुठं वळण नाही की घाट फारसा नाही. चमननंही मान डोलावली. साक्षीदार म्हणून निघताना मी आणि पोचताना चमन. मी तर फेटा धुऊन वाळत घातला होता. गल्लीतली पोरं हलगी सांगणार होती.

मग तिनं ठरवलं, आधी एक तालीम करू. हुबळीपर्यंत जाऊन दुपारच्या आत परत. आणि ही तालीम कुणाला कळली? तिच्या वडिलांना. आण्णा कागलला राहतात, हमरस्त्याच्या कडेलाच घर. चार म्हशी, ऊस, आणि तोंड असं की कारखान्याच्या भोंग्याची गरज पडू नये. बापाचं मन, लेक एवढं मोठं काम करतेय, त्यांनी निपाणीला आपल्या भावाला, पिराजीला फोन लावला. पिराजीनं संकेश्वरला लावला. सकाळी क्रांती कागलात पोचते तर आण्णा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे. घरात सारवण, पाट, आंबोळ्या. निपाणीला पिराजीनं बोकडच कापायचा बाकी ठेवला होता. संकेश्वरला मावशी कानडीत ओरडत आली, "बा, कुंदर!" म्हणजे ये, बस. एकदा तिथं बसलं की उठणं आपल्या हातात नसतं. हुबळी लांबच राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा क्रांती संकेश्वरातनंच मागं फिरली, पोट फुटायला आलेलं, आणि जाकिटात नारळ.

दुसऱ्या दिवशी ती कागलला गेली. सरळ सांगितलं, "आण्णा, खऱ्या दिवशी मी थांबणार न्हाई. जातानाबी न्हाई, येतानाबी न्हाई."

आण्णा म्हशीला वैरण घालत होते. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "जा की. रस्ता सरकारचा हाय."

बस्स. एवढंच. पण ह्या माणसाचा स्वभाव मला ठाऊक आहे. सख्खा मेव्हणा एकदा लग्नात न जेवता उठला म्हणून आण्णांनी त्याचं नाव टाकलं, ते त्याच्या पोरीच्या लग्नातच परत घेतलं, आणि तिथंही आधी स्वतः न जेवता उठून दाखवलं. क्रांतीला ते रोज संध्याकाळी फोन करायचे. दुधाला काय फॅट लागली, पाऊस कुठवर आला, काही नाही तर म्हैस कशी शिंकली. तो फोन बंद झाला. संध्याकाळ झाली की क्रांती फोन ओट्यावर उताणा ठेवून भाकरी थापायची. भाकरी फुगायची, फोन गप्प.

एके दिवशी तिनं नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. "ऱ्हाऊ दे मामा," म्हणाली. "माझ्या थांबण्यापायी न्हाई, तर न थांबण्यापायी बाप तुटायला लागला. असलं सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावू?"

मी समजावून बघितलं. विजयसिंह म्हणाला, दुसऱ्या रस्त्यानं जा, पुण्याकडं जा, तिकडं आपलं कोण नाही. तर ती म्हणाली, "तिकडनं गेले तर आण्णा म्हणतील, माझं दार चुकवायला लेक उलट्या दिशेला पळाली." तेही खरंच होतं. आमच्यात माणूस दारावरनं गेला तर राग येतो, आणि दार चुकवून गेला तर जास्त येतो.

दोन-तीन दिवस असेच गेले. एका दुपारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ती आली, नियमांचे कागद माझ्यापुढं ठेवले आणि खाली बसली.

"मामा, एक विचारू? तुमास्नी वाईट वाटंल."

"विचारायच्या आधीच वाईट वाटून घेऊ व्हय? बोल."

"ह्यात कोल्हापुरातनंच निघायचं, असं कुठं लिवलेलं न्हाई. जिथनं निघू तिथं पंपाची पावती पायजे आणि वळखीचा साक्षीदार पायजे. मी कागलातनं निघाले तर? आण्णांच्या दारातनं. मग दारावरनं जायचा प्रश्नच न्हाई. तिथनंच निघायचं, तिथंच यायचं. थोडं अंतर कमी पडंल, ते सेलमच्या पुढं जाऊन भरून काढीन." मग खाली बघत म्हणाली, "पण मग आपल्या दारातली हलगी ऱ्हाती."

खोटं कशाला सांगू, फेट्याची आठवण झाली मला. पण पोरीचं तोंड कित्येक दिवसांनी उजळलेलं दिसत होतं. मी म्हटलं, "हलगीवाल्यास्नी काय, कागलचा रस्ता ठावं न्हाई व्हय? काढ गाडी."

तिच्याच मागं बसून मी कागलला गेलो. चमनची नवी सीट माझ्याही कामाला आली. आण्णा अंगणात दोरी वळत बसले होते. मला बघून उठले, हिच्याकडं बघितलं नाही.

"या पावणं. बसा. च्या टाकाय सांगतो, तुमी तरी घेणार न्हवं? का तुमचंबी घड्याळ लावलंय?"

"घेणार की," मी म्हटलं. "दोन कप घेणार. पण आधी लेक काय म्हणती ते ऐका."

क्रांतीनं सगळं सांगितलं. आण्णा ऐकत होते, दोरी वळत होते. मग हात थांबले.

"म्हंजे हितनं निघणार?"

"व्हय."

"आणि सासरची माणसं काय म्हणतील? नांदायला तिकडं आणि उड्डाण माहेरातनं?" असं म्हणून माझ्याकडं बघितलं. "पावणं, तुमास्नी चालंल ह्ये?"

"न चालाय काय झालं? निघताना सही मी करतो, पोचल्यावर तुमी करा. दोन्ही घरं कागदावर आली."

"सही?" आण्णा ताठ झाले. "माझी? परदेशात जाणार ती?"

"जाणार," क्रांती म्हणाली. "पण आण्णा, साक्षीदार झाला म्हंजे नेम पाळाय पायजे. वाटेत कुणी मला थांबवायचं न्हाई."

झालं! त्या क्षणापासनं ह्या माणसाचा असा फौजदार झाला की काय सांगू. तिथल्या तिथं फोन काढला, मोठ्या आवाजावर ठेवला. "पिराजी! आयक. पोरगी जाणार त्या दिवशी रस्त्याला आलास तर याद राख. हात दाखवायचा न्हाई, हाक मारायची न्हाई. बोकड? कसला बोकड? बांधून ठेव त्याला आणि सोताबी बांधून घे!" पलीकडनं पिराजी म्हणत होता, "आरं, पर पाणी तरी…" आण्णा म्हणाले, "पाणी तुझ्या उसाला दे!" आणि फोन बंद. मावशीला तर त्यांनी कानडीत दम भरला. शब्द मला कळले नाहीत, पण शेजारची म्हैस दोन पावलं मागं सरकली.

चहा आला. क्रांतीनंही घेतला. आण्णांनी तिच्या बशीत आपल्या हातानं ओतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला विचारलं, "फॅट किती लागली गं काल?" ती सांगायला लागली आणि मला कळलं की संध्याकाळचा फोन परत सुरू झाला.

पण माणूस तो माणूस. बशी खाली ठेवून आण्णांनी इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे आपला नेहमीचा. म्हणाले, "क्रांते, एक सांग. चोवीस तासाच्या वर थोडा उशीर झाला समज. टायर बसला, पाऊस लागला. पेन माझ्या हातात असणार न्हवं? मग माझ्या पोरीला मीच नापास करू व्हय? येळेत आली म्हणून लिवून टाकतो की. कोण इचारतंय तिकडं?"

क्रांतीनं त्यांच्याकडं बघितलं. ती काय बोलली ते जसंच्या तसं सांगतो, एक शब्द माझ्या पदरचा नाही:

"आण्णा, उशीर झाला तर उशीरच लिवा. येळेत आले तरी तुमी मला जेवायला घालणार, उशिरा आले तरी घालणार. मग खोटं कशापायी लिवायचं?"