एकसारखी दोन विमानं

खासगी विमान कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि वैमानिक कुठून आणायचे हा सगळ्यांनाच प्रश्न पडला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझे यजमान हवाई दलातून निवृत्त झाले होते. त्यांची सगळी नोकरी इंजिनं उघडण्यात आणि परत बसवण्यात गेली. शेवटची बदली लखनौला झाली, मुलगी तिथल्या शाळेत रुळली, म्हणून आम्ही निशातगंजमध्ये घर घेऊन तिथेच राहिलो. मी विमान चालवायला शिकवत असे. लग्नाआधी नागपूरला शिकले होते आणि पुढे बदलीच्या गावी फ्लाइंग क्लब असला की मला काम मिळायचं. आता स्वतःची शाळा काढायची असं आम्ही दोघांनी ठरवलं.

पैसा तिसऱ्याचा होता. आमचे भागीदार लखनौजवळच्या मलिहाबादचे. दशहरी आंब्याच्या मोठ्या बागा, लखनौच्या उंची हजरतगंज बाजारात ऑफिस, बोलणं अतिशय अदबीचं. यजमानांना ते 'साहब' म्हणत, मला 'भाभीजी'. एके दिवशी त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर एक रंगीत चित्र ठेवलं. नवंकोरं चार सीटचं विमान, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा, उडाल्यावर चाकं पोटात ओढून घेणारं.

"लोग जहाज़ देखकर बच्चे भेजेंगे, भाभीजी. दुकान की सजावट भी कोई चीज़ होती है."

मी म्हटलं, "भाईसाहब, मला हे नको. याच पैशात दोन सीटची दोन जुनी विमानं येतील. दोन्ही एकाच जातीची हवीत."

ते हसले. "यानी नई मोटर के दाम में दो पुरानी साइकिलें?"

"हो. तसंच समजा."

माझा हट्ट उगाच नव्हता. नागपूरला मी एकटीने उडायच्या बेतात होते आणि क्लबचं एकुलतं शिकवायचं विमान बंद पडलं. सुटा भाग परदेशातून यायचा होता. तो येईपर्यंत पावसाळा गेला, हिवाळाही गेला. माझ्याबरोबर शिकणारे दोघं बँकेच्या परीक्षा देऊन नोकरीला लागले, ते पुन्हा कधी क्लबात आले नाहीत. मी चिकाटीने गेले, पण हाताची सवय गेली होती, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. एकच विमान असलेली शाळा म्हणजे काय हे मी भोगलं होतं. विमानं दोन हवीत आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, एवढं माझं पक्कं होतं.

घरी मात्र मी एकटी पडले. यजमान म्हणाले, "अगं, नवं इंजिन असलं तर माझं काम निम्मं होईल. जुन्याच्या मागे किती धावायचं?"

"अहो, पण ते तासाला पेट्रोल किती पिणार? विमानाचं पेट्रोल इथे ट्रकमधून पिंपांत येतं. ते सगळं मुलांच्या फीमध्ये जाईल. मग शिकायला येणार कोण, फक्त मोठ्या बागवाल्यांची मुलं?"

मुलगी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मम्मी, पापा ठीक कह रहे हैं. नई वाली ले लो ना."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

विक्रेत्याने दिल्लीहून ते विमान लखनौच्या अमौसी विमानतळावर दाखवायला आणलं. ती जात मी पूर्वी चालवली होती. मी भागीदारांना डावीकडे बसवलं, जिथे विद्यार्थी बसतो. उजवीकडे मी, मागे विक्रेत्याचा वैमानिक.

"भाईसाहब, तुमच्याकडे एकच काम," मी म्हटलं. "उतरायच्या आधी मला सांगायचं, चाकं खाली करा. बाकी सगळं मी बघते."

"बस, इतना ही?"

"एवढंच."

वर गेल्यावर ते हरखून गेले. गोमती दिसली, तिचे पूल दिसले. मी मलिहाबादच्या बाजूला वळले तेव्हा तर काचेला नाक लावून आपल्या बागेच्या कडेचा रस्ता शोधू लागले. परत येताना तेच बोलत होते. समोर धावपट्टी आली, मी इंजिन कमी केलं आणि भोंगा कर्कश वाजायला लागला.

"ये क्या हुआ?" ते दचकले.

"चाकं अजून पोटात आहेत," मी म्हटलं आणि इंजिनाला जोर देऊन विमान पुन्हा वर घेतलं.

एक फेरा मारून नीट उतरलो. विक्रेता जवळ आल्यावर भागीदारांनी त्याला चहा पाजला, आभार मानले आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "मैं तो बूढ़ा आदमी हूँ. बच्चे तेज़ होते हैं."

"मुलं तुमच्याहून जास्त घाबरलेली असतात, भाईसाहब. त्यांना एकाच वेळी वीस गोष्टी बघायच्या असतात. मुलं शिकतात त्या पहिल्या विमानाची चाकं कायम बाहेरच असावीत."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अच्छा. दिखाइए अपनी साइकिलें."

पहिलं जुनं विमान पाहायला आम्ही तिघं रेल्वेने समुद्रकाठच्या एका गावी गेलो. ताजा रंग, स्वच्छ काचा, किंमतही कमी. यजमानांनी पंखाखालचं झाकण उघडलं, आरसा आणि टॉर्च आत घातला आणि मला हाक मारली. आत रिव्हेटांच्या रांगेवर पांढरी भुकटी साचली होती, पत्रा फुगला होता. खाऱ्या हवेने धातू आतून खाल्ला होता.

भागीदार वैतागून म्हणाले, "इतनी दूर आए हैं. मरम्मत करा लेंगे."

"नाही," मी म्हटलं. त्याच क्षणी यजमानही "नाही" म्हणाले. त्या दिवसापासून ते माझ्या बाजूला आले.

हवी होती ती जोडी मिळाली ती कोरड्या मुलखातल्या एका बंद पडलेल्या क्लबात. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही विमानं शेजारीशेजारी उभी, टायर बसलेले, रंग खडूसारखा हाताला लागणारा. पण यजमान आरसा घेऊन दोन दिवस आत डोकावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आतून ठणठणीत आहेत. इंजिनं मी उघडीन."

त्यांनी एक उडण्याजोगं केल्यावर मी ते भर उन्हात, मे महिन्यात, भागीदारांनाच शेजारी बसवून वर नेलं. अंगापिंडाने भारी माणूस आणि तापून विरळ झालेली हवा. विमान चढता चढेना.

"भाभीजी, ये तो हाँफ रही है," ते म्हणाले. त्यांना जणू आनंदच झाला होता.

"हो, धापा टाकतंय," मी कबूल केलं. "उन्हाळ्यात आपण फक्त पहाटे उडू आणि टाकी अर्धीच भरू. आता हे बघा." पुरेशी उंची मिळाल्यावर मी नाक वर ओढलं. वेग गेला, विमान थरथरलं, एका अंगावर कललं. मी दोन्ही हात वर केले आणि पेडलवरचे पाय काढून घेतले. नाक आपोआप खाली गेलं, वेग आला, पंख हळूहळू सरळ झाले. "मुलाने घाबरून सगळं सोडलं तरी हे आपलं आपण सावरतं," मी म्हटलं.

त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती. ती सोडून ते म्हणाले, "ले लीजिए. दोनों."

पुढे इंजिनं उघडण्यात आणि दिल्लीच्या विमान खात्याच्या परवानगीसाठी खेटे घालण्यात बरेच महिने गेले. हजरतगंजमधल्या मंडळींनी आमची विमानं पाहून नाकं मुरडली. विद्यार्थी मात्र आले. फी झेपणारी होती म्हणून आले. कुणी कारकुनाचा मुलगा, कुणी मास्तरांचा, आणि निशातगंजमधल्या कापडवाल्याची मुलगी.

त्या मुलीने एका सकाळी विमान इतकं आपटत उतरवलं की तीन टप्पे खाल्ले. मी कंट्रोल हातात घेईपर्यंत पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता. नशिबाने पंखा जमिनीला लागला नाही. ती खाली उतरून गवतावर बसली आणि रडायला लागली.

"मैम, मेरा तो ख़त्म हो गया. पापा अब नहीं भेजेंगे."

यजमान विमानाच्या नाकाखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "उद्या सकाळी दुसऱ्यावर ये म्हणावं."

मी तिला ते हिंदीत सांगितलं.

ती आली. डोळे सुजलेले, पण वेळेवर. आम्ही आठवडाभर फक्त उतरण्याचाच सराव केला. मग एका थंड सकाळी मी विमानातून उतरले, पट्टा माझ्या रिकाम्या सीटवर बांधला आणि दार लावून घेतलं. ती एकटी गेली, मोठा फेरा मारला आणि हलकेच टेकली. विमान थांबवून ती खाली आली.

"मैम, अब क्या करूँ?"

"तेल देख लो, पेट्रोल देख लो," मी म्हटलं, "और फिर जाओ."