रोमन न्हाणीघराचा ढाळ

दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा रोमन श्रीमंताची ही समुद्रकाठची हवेली. आता नुसत्या पडक्या भिंती आणि नक्षीच्या जमिनी उरल्यात. गाइड बोलतोय तो बोलतोयच, थांबायचं नाव नाही. त्यात दुपारचं ऊन आणि पोटभर जेवण. इटलीच्या सहलीला आलेली कोल्हापूरची फरशीवाली अनसूया सावलीतल्या बाकावर टेकते. डोळा लागतो न लागतो तोच जवळ टकटक वाजतं.

आबा! तिचे वडील, दादू मिस्त्री. जाऊन सहा वर्षं झाली, आणि हे इथं गुडघ्यांवर बसून रोमन लोकांची जमीन वाजवून बघतायत!

"कुठं पोकळ न्हाई. मिस्त्री चांगला होता," आबा म्हणतात.

अनसूयाला आनंद तर होतोच, पण टाळक्यातही जातं. कोण कुठला रोमन, तो चांगला! तिनं आबांचाच धंदा पुढं चालवला, अख्ख्या इमारतींच्या फरश्या बसवल्या, पण एक शाबासकी कधी मिळाली नाही. इचलकरंजीच्या पहिल्याच कामात न्हाणीघराचा ढाळ उलटा गेला, पाणी स्वयंपाकघरात शिरलं, आणि आबा मरेपर्यंत तेवढंच सांगत राहिले.

"चला, तुमच्या चांगल्या मिस्त्रीचं न्हाणीघर दाखवते."

उंबरा ओलांडला की इचलकरंजीचं तेच न्हाणीघर. भिंतीवर मात्र रोमन मासे, आणि खिडकीत समुद्र. ती तांब्याभर पाणी ओतते. पाणी मोरीकडे न जाता थेट दाराकडे पळतं.

"आयला, ह्यानंबी!" आबा पोट धरून हसतात. "दोन हजार वर्षांत कुणी दुरुस्त केलं न्हाई?"

"मी केलं होतं, आबा. सगळं उखडून पुन्हा बसवलं. तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत."

आबांचं हसू ओसरतं. "आलतो की. तू गेल्यावर, गुपचूप. बादली ओतून बघितली."

"मग?"

"थेंब थांबला न्हाई गं."

"मग बोलला का नाहीत?"

"चुकलं माझं, पोरी." आणि चुन्यानं भरलेल्या हाताची सणसणीत थाप तिच्या पाठीवर बसते. अनसूया हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"वहिनी, उठा, बस सुटेल!" नणंद वर्षा तिला हलवते. "आणि पाठीला हे काय लावून घेतलंत?"

वर्षा मोबाइलवर फोटो काढून दाखवते. निळ्या कुर्त्यावर पांढराशुभ्र पंजा. मधलं बोट अर्धंच. आबांचं कटरमध्ये गेलं होतं तेच.

"थांबा, झटकते."

"हात लावशील तर बघ!"

रोमपर्यंतचे तीन तास अनसूया सीटला पाठ न टेकता बसते.