घर खाली करा, फवारणीवाले आले

दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या खाटेखाली डोकावण्याचा ज्याला पगार मिळतो, त्याच्याकडे किस्से जमणारच. ऐंशीच्या दशकात मी धानोऱ्याकडे मलेरियाच्या फवारणी टोळीत होतो. गावात जायचं, लोकांना सामान बाहेर काढायला लावायचं आणि भिंतींवर डीडीटी मारायची. जोडीला मेश्राम. तो पंप मारायचा, मी भाषण द्यायचो. लोक ऐकायचे मात्र त्याचंच.

पहिल्या वर्षी आम्हाला पाहून एक अख्खं गाव जंगलात पळालं. दुसऱ्या वर्षी त्याच गावचे लोक वाटेवर आमची वाट पाहत उभे! मी मेश्रामला म्हटलं, "पाह्य, याले म्हणते जनजागृती."

एक म्हातारा पुढे आला. "मच्छराचं राहू द्या भाऊ. मागच्या टायमाले ढेकणं मेले होते. तेवढं खाटाइले मारून द्या."

तिसऱ्या वर्षी तोच म्हातारा तणतणत आला. "आता ढेकणं मरत नाई. तुमची दवाई पिऊन मोठे होऊन राह्यले."

भिंतीवरची पांढरी फवारणी पुसायची नाही, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. पुढच्या आठवड्यात साहेब तपासायला येतील, असा धाकही घालून ठेवायचो. एकदा साहेबांना घेऊन गेलो, तर एका घराच्या सगळ्या भिंती मातीनं छान सारवलेल्या. साहेब तापले. "कशाला सारवलं बाई?"

"तुमीच येऊन राह्यले होते ना साहेब. घर कसं घाण दिसे."

ताप आलेल्यांच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचं कामही कधीकधी आमच्याकडे यायचं. एका बाईनं हात पाठीमागे लपवला.

"मागच्या टायमाले नेलं ते रगत कुठी हाय?"

मी म्हटलं, "ते तपासलं. त्याच्यात मलेरिया नाई निघाला."

"नाई निघाला ना? मंग वापस द्या."

मेश्राम गंभीरपणे म्हणाला, "साहेबाले सांगतो बाई." तिनं मान हलवली आणि बोट पुढे केलं.

पण सोमारीबाईची गोष्ट वेगळी. एकटी राहणारी म्हातारी. दर वर्षी दारात आडवी उभी राहायची आणि एकच वाक्य बोलायची, "माह्या घरी मच्छरच नाई." मेश्रामवर मात्र जीव. गावात मुक्काम पडला की तो तिच्याच पडवीत झोपायचा.

एका वर्षी आम्ही त्या गावात परतलो आणि मेश्रामला हुडहुडी भरली. दात वाजत होते, काहीबाही बरळत होता. जीप यायला वेळ होता. आम्ही सगळे घाबरलो. सोमारीबाईनं त्याला आपल्या खाटेवर निजवलं, घरातली एकुलती एक गोधडी घातली, त्याच्याच पिशवीतल्या मलेरियाच्या गोळ्या मला काढायला लावून त्याला दिल्या. रात्रभर उशाशी बसून राहिली.

सकाळी आमच्याकडे न बघताच तिनं घरातलं सामान बाहेर काढायला घेतलं. मडकी, सूप, कोंबड्यांची टोपली. शेवटी म्हणाली, "याले बी उचला. घर खाली पाह्यजे ना तुमाले?"

आम्ही खाटेसकट मेश्रामला मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्या भिंतींवर पंप चालवला. तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. मडक्यांच्या मधोमध पडलेला मेश्राम पाहिला, ओल्या भिंती पाहिल्या.

"काय सोमारीबाई, तुमच्या घरात तर मच्छर नव्हते ना?"

"नव्हतेच जी," तिनं मेश्रामची गोधडी नीट केली. "याच्याच मागं मागं आले."