आबांची ओवी, गिटारवर

आमच्या भूममध्ये चौघांनी मिळून एक बँड काढला. कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर, मोबाईल दुरुस्त करणारा एक जण, एक ढोलवाला आणि गाणारी एक नर्स. गिटारीवर ते धनगरी ओव्या, देवीच्या आराध्यांची गाणी म्हणायचे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मंगल कार्यालयात पन्नासेक माणसं ऐकायला जमत. मी सहसा चुकवत नसे.

ऐकताना बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. माझे आबा मेंढरं राखायचे आणि असल्याच ओव्या म्हणायचे. मी डी.एड.ला असताना ते होस्टेलवर भेटायला आले की मी त्यांना फाटकाबाहेरच गाठायची. मैत्रिणींना सांगितलं होतं, वडील शेती करतात. आता मी शाळेत शिकवते, आणि तेच सूर गिटारीवर आले की चारचौघांत टाळ्या वाजवते.

एकदा सरांनी घरातली एखादी ओवी मागितली. आठवली तेवढी मी लिहून दिली. तिच्यात एक मेंढी नदीपाशी मागं राहते आणि मेंढका तिला शोधायला माघारी वळतो. पुढचं मला येत नव्हतं. त्यांनी त्या चारच ओळी घोळवून गाणं बांधलं. फार गोड झालं.

ते ऐकायला मी आबांना घेऊन गेले. नवा पटका बांधून ते पहिल्या रांगेत बसले. चार ओळी संपल्या आणि गाणारी पुन्हा पहिलीवर आली. आबा मान पुढं करून थांबून राहिले होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पुढचं का म्हणली न्हाय ती?"

"मला तेवढंच आठवलं, आबा."

"मला इचारायचं की," ते म्हणाले. "म्या हाय की अजून."

रागावले नव्हते. पण त्यांना एस.टी.त बसवून देताना माझ्याच्यानं वर बघवलं नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. रेकॉर्ड करायला मोबाईल समोर ठेवला. आबांनी चार ओळी म्हटल्या आणि थांबले. पुन्हा धरल्या, पुन्हा तिथंच थांबले. म्हणाले, बसून येत न्हाय, ही मेंढरामागं म्हणायची. मेंढरं तर त्यांचे गुडघे गेल्यावर कधीच विकली होती. तरी आम्ही दोघं माळावर चालत गेलो. कानावर हात ठेवून त्यांनी सूर लावला, आणि तिसऱ्यांदा अडकल्यावर एका दगडावर बसले.

मेंढी नदीकाठी व्यालेली असते, म्हणून मागं राहते, त्यांनी सांगितलं. मेंढका पिलू खांद्यावर घेऊन येतो.

"गोष्ट ध्यानात हाय बाई. बोल येत न्हाईत."

मी मोबाईल बंद केला. पटक्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले.

सरांना मी गोष्ट सांगितली. नव्या ओळी जुळवू का, असं त्यांनी मला आबांना विचारायला लावलं. आबा म्हणाले, जुळवू दे की. आता सर आधी सांगतात, ही ओवी इथल्याच एका मेंढपाळाची. नव्या ओळी चांगल्या आहेत. पिलाची ओळ आली की बायका डोळ्यांना पदर लावतात. मी खाली बघत बसते.

मी आबांना पुन्हा चला म्हणाले, तर ते म्हणाले, "तू जा. मला न्हाय बसवत तितका येळ."