पालीचा शिक्का

आमच्या घरातले मोठे निर्णय पाल घेते. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. अहमदपुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. घरात बायको मंगल, मुलगी राजश्री आणि सगळ्यांच्या वर माझी थोरली बहीण, आक्का. आक्काच्या वर फक्त ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटमागे पाल. आक्काचा नियम साधा आहे : बोलणं चालू असताना पाल चुकचुकली, की चाललेलं काम तिथंच थांबवायचं. या नियमापायी आम्ही फ्रिज एक उन्हाळा उशिरा घेतला. (माठातलं पाणी प्यालो. माठाबद्दल पालीला काही म्हणायचं नव्हतं.)

या कारभारात मी कुठे? मी 'हं' म्हणतो. मनात 'नाही' असतं, ते घशापर्यंत येतंही, पण ओठांवर पोचेस्तोवर त्याचं 'हं' झालेलं असतं. आधी आईला हं, मग आक्काला हं, मग मंगलला हं. दुकानात उधारी मागणाऱ्यालासुद्धा हं!

राजश्री तिकडे घाटातल्या सदाहरित जंगलात बेडूक आणि पालींचा अभ्यास करते. सुट्टीत घरी आली की ताटावर बसून त्यांचंच बोलते. तिकडच्या झुडपांत म्हणे नखाएवढे बेडूक असतात. पानावर अंडी घालतात आणि अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर पडतो. मधली शेपटीची भानगड नाही.

"म्हंजे साळा न्हाई, कालेज न्हाई, डायरेक नोकरी!" आक्का म्हणाली. "अन् तू अजून शिकूनच राहिलीस!"

"ऐक ना आत्या. कुणी खाली पाचोळ्यात ओरडतो, कुणी वर फांदीवर. प्रत्येकाची पट्टी वेगळी, म्हणून एवढ्या गोंगाटातही ज्याची हाक त्यालाच कळते. आणि काही नर ओरडतच नाहीत. ओरडणाऱ्याच्या शेजारी नुसते गप्प बसून राहतात."

"तसला एक आपल्या घरात हाय," मंगल भाकरी वाढत म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. (दुसरं काय करणार?)

अशात आक्कानं उदगीरचं स्थळ आणलं. मुलगा विश्वनाथ, घरचं कापडाचं दुकान. पाहुणे यायच्या आधल्या आठवड्यात राजश्री मला गच्चीवर घेऊन गेली. म्हणाली, "अप्पा, हे बेडूक पावसाळ्यातच ओरडतात. यंदा लग्नात अडकले तर मागचं सगळं काम पाण्यात. तुम्ही बोलाल ना आत्याशी?"

मी म्हणालो, "हं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि जिना उतरून गेली. तिचं ते बघणं माझ्या मागं लागलं. दुकानात नट मोजताना ते दिसायचं, शटर ओढताना दिसायचं. आक्कासमोर मी रोज उभा राहायचो, तोंड उघडायचो आणि "चहा झाला का?" असं विचारून परत यायचो.

मग मला युक्ती सुचली. माझ्यासारख्याला युक्ती सुचणं हाच अपशकुन, पण तेव्हा पाल चुकचुकली नाही.

राजश्रीजवळ मुठीएवढा एक स्पीकर आहे. जंगलात त्यावर एका नराचा आवाज वाजवायचा, की दुसऱ्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणीतरी घुसलं. मग तो उत्तर देतो. ते सगळे आवाज तिनं मला ऐकायला म्हणून माझ्याही मोबाइलमध्ये टाकून दिले होते. (दुकानात एकदा लावले, तर गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, मोटारीचं बेरिंग गेलंय.") त्यात पालही होती. मी तो स्पीकर ब्लूटूथनं मोबाइलला जोडून महादेवाच्या तसबिरीमागे ठेवला. आक्कानं लग्न ठरलं म्हणायचं, मी खिशातल्या खिशात बटण दाबायचं, पाल चुकचुकणार, लग्न थांबणार. 'नाही' मी म्हणायचंच नाही, पाल म्हणेल!

पाहुणे आले. विश्वनाथ आणि त्याची आई, दोघंच. हात जोडून एकमेकांना 'शरणार्थ' म्हणून झालं, चुरमुऱ्यांची सुशीला झाली, भजे झाले. राजश्री आत चहा गाळत होती. आक्कानं पदर सावरला.

"तर मंग बाई, आपलं असं ठरलं की–"

चुक चुक चुक!

आक्काचा हात हवेतच राहिला. "थांबा. पाल बोलली. ठरलेलं मोडलं म्हना."

मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कर्तबगार आहोत असं वाटलं. ते वाटणं सुशीलेच्या एका घासापुरतं टिकलं. कारण विश्वनाथच्या आईनं वाकून फरशीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाली, "शिव शिव! खरं हाय! आमच्याकडं पाल बोलली म्हंजे शिक्का बसला बगा!"

"आमच्याकडं मोडतं," आक्का म्हणाली.

"अवं, आमच्याकडं पक्कं हुतं!"

मोडल्याचं वजन वाढावं म्हणून मी घाईनं परत दाबलं. चुक चुक चुक!

"डबल शिक्का!" बाई खुश.

आता आवाज बंद करावा म्हणून मी खिशात चाचपडलो, तर अंगठा भलतीकडेच पडला. महादेवाच्या मागून अख्खं जंगल बोंबलायला लागलं! टिक-टिक-टिक, टर्र, ट्याँव, मध्येच कुणी शिट्टी घालतंय, कुणी दोन गोट्या आपटतंय. बाईंनी पाय सोफ्यावर घेतले. आक्कानं हात जोडले. आक्काला पालीचा नियम माहीत होता, महादेव टर्र म्हणाले तर काय करायचं हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

राजश्री चहाचा ट्रे घेऊन धावत बाहेर आली.

"हा माझा झुडपातला बेडूक आहे! इथं कसा? तो अहमदपुरात एक दिवस जगायचा नाही, त्याला सारखी ओल लागते!" मग ती थांबली. "अप्पा?"

माझा खिसा उजेडानं चमकत होता.

"मन्मथ," आक्का हळू म्हणाली, "खिशात काय हाय?"

आणि मी बोललो. कसं कोण जाणे, सगळं बोललो. "मला हे लग्न यंदा नको होतं आक्का. पोरीला पावसाळ्यात जंगलात जायचंय. तुला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून पाल लावली."

बेडूक एकदाचे थांबले. विश्वनाथनं घसा खाकरला. "पण काका, राजश्रीनं मला फोनवर सगळं सांगितलंय. तिचा अभ्यास संपेपर्यंत थांबायचं. आम्ही हो म्हणालो."

"मी तेच सांगून राहिले होते ना येड्या!" आक्का कडाडली. "आपलं असं ठरलं की, पोरीचं शिकनं हुईस्तोवर थांबायचं! अन् तुझी पाल काय म्हनली? थांबू नका म्हनली! ते मोडलंस तू!"

मी राजश्रीकडे बघितलं. लेकीनं स्वतःच तोंड उघडून जे मिळवलं होतं, ते मी खिशातल्या खिशात घालवलं होतं.

"जाऊ द्या," आक्का दम घेऊन म्हणाली. "ती पाल डब्यातली, खोटी. म्हंजे आपलं थांबायचं ठरलेलं कायम–"

चुक चुक चुक.

हे ट्यूबलाइटमागून आलं. ही खरी होती.

कुणी हललं नाही. खऱ्या पालीपुढे आक्काचाही इलाज नसतो. हलली फक्त राजश्री. तिनं ट्रे माझ्या हातात कोंबला, स्टूल ओढलं, टॉर्च घेऊन वर चढली. "आत्या, ती तुला बोलत नाहीये! ती स्पीकरमधल्या पालीला सांगतेय, ही भिंत माझी, तू निघ! घरातल्या पालीनं जंगलातल्या पालीला उत्तर दिलं!" विश्वनाथनं मुकाट्यानं स्टूल धरलं.

"बोलली ती बोलली," आक्का म्हणाली. "मोडलं."

विश्वनाथची आई सोफ्यावरून पाय खाली घेत म्हणाली, "आक्का, पोरगी कुनाच्या घरात येनार?"

"तुमच्या."

"मंग कायदा आमचा." तिनं वाकून फरशीवर टकटक केलं. "शिव शिव! पोरगी शिकंस्तोवर थांबायचं. बसला शिक्का!"

पाहुणे गेल्यावर मी मंगलला विचारलं, "सगळ्यांना ठाऊक होतं, तर मला का कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. जेवताना. तुम्ही 'हं' म्हनलात!"

राजश्री सध्या जंगलात आहे. परवा फोन आला, मागे तोच गोंगाट. "अप्पा, ऐका, आज सगळे ओरडतायत!"

"आणि ते गप्प बसणारे?"

"ते पण आहेत, अप्पा. टॉर्च मारला की दिसतात."

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हं."

ट्यूबलाइटमागे चुकचुकलं.

"थांब!" आक्का ओरडली. "ते हं रद्द! दुसरं काहीतरी बोल!"

फोन कधीच बंद झालाय. मी अजून विचार करून राहिलोय.