ज्या वर्गातून सतत हसण्याचा आवाज यायचा

दहावीनंतर मला अकोल्याला क्लासला पाठवलं. आमचा दर्यापूरच्या बाहेर मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाबांनी पहाटे ते बाजारात न्यायचं, असं घर. माझे मार्क चांगले होते आणि मार्क चांगले असलेल्या पोरीनं डॉक्टर व्हायचं, हे गावानंच ठरवून टाकलं होतं. मुलींच्या होस्टेलमध्ये मला जी रूममेट मिळाली ती मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली. शेतकऱ्याची मुलगी, उंच, बोलायला मोकळी. तिला एखादी गोष्ट समजली नाही की ती समजेपर्यंत ती जेवायचीसुद्धा नाही. मला तिचा त्रास व्हायचा आणि तिच्यामुळे माझा अभ्यासही व्हायचा.

क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारे सर फार प्रसिद्ध होते. त्यांच्यासाठी लोक बुलढाण्याहून, यवतमाळहून पोरं आणून टाकायचे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर लांबच लांब हॉल, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेली पोरं, आणि सर कॉलरला माइक लावून, बाह्या दुमडून, अत्तराचा घमघमाट घेऊन आत यायचे. आल्याआल्या काहीतरी विनोद करायचे. हॉल हसायचा. पहिल्या आठवड्यात मलाही वाटलं की असा शिक्षक आपण पाहिला नाही. आवाज भरदार होता, आकृत्या झरझर काढायचे, कोणी पेंगत नसे.

मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक तासाला हसायला एक माणूस लागतो. कोणी जाड असेल, कोणाचा शर्ट चुरगळलेला असेल, कोणी जांभई दिली असेल. सर त्याला उभं करायचे, त्याच्यासारखं तोंड करून दाखवायचे, आणि पुढची दहा मिनिटं हॉल अगदी जागा व्हायचा. पोरं पुढे सरकून बसायची. ते पुढे सरकणं मी जवळून पाहिलं आहे. त्यात अभ्यास नव्हता. आज कोण सापडतं, एवढीच उत्सुकता होती, आणि आपण नाही सापडलो याचं सुख.

एका दिवशी मूत्रपिंड शिकवताना माझी रूममेट, एव्हाना मैत्रीण झालेली, उभी राहिली. म्हणाली, "सर, मले एक समजलं नाही. पाणी एकदा गाळून बाहेर टाकलं, तं ते पुन्हा रक्तात कावून येते?"

'कावून' म्हणजे आमच्याकडे 'का'. प्रश्न चांगला होता. मला तो सुचला नव्हता. सरांनी खडू खाली ठेवला, हॉलकडे वळले आणि ओठ लांबवून म्हणाले, "कावून येते?" हॉल हसला. त्यांनी पुन्हा म्हटलं, यावेळी कमरेवर हात ठेवून, डोकं हलवत, शेतातल्या बाईसारखं. "कावून येते वं?" तिनं 'वं' म्हटलंच नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं. हॉल इतका हसला की मागच्या बाकावरून कोणाची तरी बाटली पडली. मी अगदी पुढे बसले होते, त्यामुळे मला सरांचा चेहरा दिसत होता. ओठाच्या कोपऱ्यात थुंकी साचली होती आणि ती त्यांनी जिभेनं आत ओढून घेतली. माइकमधून तो आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. अजूनही त्यांची आठवण निघाली की मला आधी तो आवाज आठवतो.

प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. माझी मैत्रीण थोडा वेळ उभी राहिली, उत्तर येईल म्हणून. मग बसली.

त्या दिवसापासून तिचं नाव 'कावून' पडलं. सर आत आले की विचारायचे, "कावून आली का?" पोरं कोरसमध्ये म्हणायची, "आली." मेसमध्ये, जिन्यावर, सगळीकडे तेच. मला हसू यायचं नाही, कारण माझी आईही तसंच बोलते, मीही घरी तसंच बोलते. आणि खरी किळस तर पुढे आली. पाण्याच्या कूलरमागे, जिन्याच्या वळणावर सर फोनवर बोलत होते. मी बाटली भरायला थांबले होते. ते म्हणत होते, "माय, मी येऊनच राहिलो. तू जेवून घे. माह्यी वाट नको पाहू." आवाज अगदी मऊ होता. फोन खिशात ठेवला, आरशासारख्या काचेत केस नीट केले, आत गेले आणि त्याच तासाला पुन्हा कमरेवर हात ठेवून तिची नक्कल केली. परक्या माणसानं केली असती तर मी समजू शकले असते. स्वतःच्या आईची बोली हसवायला विकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं. तिथल्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर गंमत करतात गं. त्यांच्या वर्गात कोणाला झोप येते का? नाही ना? मग?"

हळूहळू हॉलमधून प्रश्न संपले. सर विचारायचे, "काही अडचण?" कोणाचा हात वर जायचा नाही. "वा, सगळ्यांना समजलं," म्हणून ते पुढे जायचे. तास सुटल्यावर पोरं जिन्यावर एकमेकांना हळूच विचारायची आणि चुकीची उत्तरं घेऊन घरी जायची.

त्याच क्लासमध्ये रसायनशास्त्राला एक बाई होत्या. सुती साडी, घोगरा आवाज, अर्धा तास फळ्याकडेच तोंड. त्यांच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. त्या प्रेमळ होत्या असंही नाही. एकदा फळ्यावरची अभिक्रिया बघून माझ्या मैत्रिणीच्या तोंडून विसरून निघून गेलं, "मॅडम, हे उलटं कावून नाही होत?" सगळा वर्ग खिदळला. बाई वळल्या, वर्ग का हसतोय हे त्यांना कळलंच नाही, आणि त्या म्हणाल्या, "होतं. पण फार सावकाश. बघ." आणि फळ्यावर लिहायला लागल्या. त्यांना स्वतःत काही रस नव्हता. समोरच्या पोरांतही फारसा नसावा. पण प्रश्नात होता. पोरांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या, कंटाळा येतो म्हणून, आणि दिवाळीनंतर त्या दिसल्या नाहीत.

मैत्रिणीनं बोलणं बदलायचा प्रयत्न केला. खोलीत आरशासमोर ती 'मला', 'तुला', 'का बरं' असं म्हणून बघायची. मी म्हणायची, "सोड ना." ती ऐकायची नाही. एकदा वर्गात सरांनीच तिला उभं केलं तेव्हा ती अगदी जपून म्हणाली, "सर, मला येत नाही." सरांनी टाळ्या वाजवल्या. "अरे, कावूनचं प्रमोशन झालं. डायरेक्ट पुणे." त्यानंतर ती वर्गात आली नाही. सकाळी मी निघायचे तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मेसमध्ये वरण मागायचं तर ताट पुढे करायची, तोंडानं मागायची नाही.

तिचे बाबा न्यायला आले. धोतर-टोपीतले, धिप्पाड, कमी बोलणारे. सरांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला. मी तिची पेटी घेऊन दारात उभी होते. "दादा, पोरगी हुशार आहे," सर म्हणाले, "पण तिचं मन लागत नाही इथं. जबरदस्ती करू नका." जिना उतरताना तिचे बाबा मला म्हणाले, "लय चांगला माणूस आहे हा. इतका मोठा असून मले खुर्ची दिली." माझी मैत्रीण पुढे चालत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टर मीही झाले नाही. अमरावतीला बीएस्सी केलं, बीएड केलं, आणि आता बडनेऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांना अमरावतीला एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, वर्ग जिवंत कसा ठेवावा. पाहुणे कोण आहेत हे मी पत्रकात वाचलं नव्हतं. सभागृहात शिरायच्या आधीच माइकवरचा आवाज ऐकला आणि पायरीवर थांबले.

केस आता रंगवलेले होते, बाकी सर तेच. अत्तरही तेच. दोन मिनिटांत त्यांनी सभागृह हसवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याकडे खेड्यातली एक मुलगी होती. भाषा अशी की पोरं हसायची. मी काय केलं? त्या भाषेचंच तिला लाडाचं नाव दिलं. कावून! तिची भीडच मोडली. आज ती मुलगी डॉक्टर आहे." शिक्षक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

मी उभी राहिले. माइक नव्हता, म्हणून जोरात बोलावं लागलं, आणि तोंडातून घरचीच भाषा निघाली. "थे डॉक्टर नाही झाली, सर. थे तुमचा क्लास सोडून घरी गेली. मी तिच्या बाजूले बसत होती."

ते हसले आणि माझ्याकडे हात करून सभागृहाला म्हणाले, "पाहिलंत? हाच आत्मविश्वास मी म्हणतो. आमच्या वर्गातली पोरगी आहे ही. टाळ्या वाजवा हिच्यासाठी." आणि लोकांनी वाजवल्या. शिकलेसवरलेले, पंचवीस-पंचवीस वर्षं वर्गात घालवलेले लोक माझ्याकडे बघून कौतुकानं टाळ्या वाजवत होते. मी काय बोलले ते कोणीच ऐकलं नव्हतं. मी खाली बसले.

जेवणाच्या रांगेत ते मुद्दाम माझ्याकडे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, मनात राग ठेवू नये." त्या अत्तराचा वास माझ्या केसांना लागला. मी ताट तसंच ठेवून बाहेर आले आणि बसस्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं. निघताना पाहिलं होतं, दोघीतिघी शिक्षिका त्यांच्याबरोबर फोटो काढत होत्या. त्यातली एक सकाळी डोळे पुसणारी.

घरी आल्यावर मैत्रिणीला फोन केला. ती आता मूर्तिजापूरला एका मेडिकलमध्ये काम करते, तिला दोन मुलं आहेत. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "त्यानं मले न इचारता माह्यी गोष्ट सांगतली. तू बी न इचारताच सांगतली." मग ती म्हणाली, "मोबाइलवर त्याचा एखादा व्हिडिओ लागला तं मी मोबाइल पालथा ठेवते. पोरं इचारतात, काय झालं. मी म्हणते, काही नाही."

त्या प्रशिक्षणाला आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षकही होते. साधा, बुजरा माणूस. मान खाली घालून शिकवायचा, पोरं त्याच्या तासाला कागदाची विमानं करायची. आमचे वर्ग शेजारी-शेजारी, मध्ये पातळ भिंत. प्रशिक्षणानंतर महिन्याभरात भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायला लागलं. एकदा मी दारातून पाहिलं. त्यानं बाह्या दुमडल्या होत्या आणि एका मुलीच्या चालण्याची नक्कल करत होता. त्याला ती नीट जमतही नव्हती.

मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, "सर, हे करू नका. त्या पोरीकडे बघा एकदा."

तो डबा उघडत होता. म्हणाला, "मॅडम, बारा वर्षं झाली शिकवून राहिलो. पोरं पहिल्यांदा माह्याकडे बघून राहिली."

त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्या अत्तरवाल्या माणसाची नव्यानं शिसारी आली. मी म्हटलं, "तुमच्याकडे बघतात, फळ्याकडे नाही." त्याला ते लागलं. आता तो डबा घेऊन दुसऱ्या खोलीत बसतो. मुख्याध्यापक मला विचारतात की शेजारचा वर्ग एवढा रंगतो, तुमच्या वर्गातून आवाज का येत नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पोरं प्रश्न विचारतात, एकेकानं, त्यामुळे गलका होत नाही. त्यांना ते पटलं नाही.

शाळा सुटल्यावर कधीकधी शेजारच्या वर्गातली एखादी मुलगी गणिताचं पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात येते. आधी मागे वळून बघते, कोणी पाहत नाही ना. माझं गणित कच्चं आहे. मी तिला बाकावर बसवते आणि आम्ही दोघी मिळून पहिल्या ओळीपासून ते उदाहरण वाचायला लागतो.