चिकलठाण्याच्या कॅन्टीनमधले बँकमालक

आमच्या कंपनीत आलेल्या प्रत्येक नटबोल्टची नोंद होते, कॅन्टीनमधल्या किश्श्यांची होत नाही. त्यामुळं नटबोल्ट कायम कमी पडतात आणि किस्से मात्र साठत जातात!

मी क्वालिटीला. दुपारी एकाच टेबलावर डबा उघडणारे आम्ही चौघं : मी, मेंटेनन्सचे जाधवमामा, स्टोअर्सचे रफिकभाई आणि पगार विभागातल्या सुनीता मॅडम. सहा वर्षांपूर्वी चौघांनाही बँकांचे शेअर घ्यायचा नाद लागला. टॅक्स कळतो फक्त मॅडमना. आम्हा तिघांना नुसता भाव कळतो, तोही पडल्यावर!

*

मामांनी पहिले दहा शेअर घेतले आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीजवळच्या त्याच बँकेच्या शाखेत गेले. रांग दारापर्यंत. मामा सरळ मॅनेजरच्या केबिनकडं.

"ओ काका, लाइनीत या," शिपाई ओरडला.

"मालक हाय मी! दहा शेअर हायेत ह्या बँकेचे!"

मॅनेजरनं ऐकलं. उठून हात जोडले. "या मालक, बसा. तुमचं केवायसी चार महिने राहिलंय. आज केलं नाही तर खातं बंद पडंल!"

*

रफिकभाईंनी शेअर विकले आणि नफ्यातून झकास फ्रिज घेतला. मॅडमनी तारखा बघितल्या अन् कपाळावर हात मारला.

"भाई, वर्ष भरायला दहा दिवस कमी! वर्ष उलटल्यावर विकले असते तर एवढ्या नफ्याला टॅक्सच नव्हता. आता हा शॉर्ट टर्म. वीस टक्के भरा!"

"मॅडम, सेल त्याच दिवशी संपत होता. बेगम दुकानात उभी होती!"

टॅक्स भरला. पण घरात त्या फ्रिजचं नावच पडलं. मी ईदला गेलो तर भाभी आतून मुलीला सांगत होत्या, "भाईजान आए, शॉर्ट टर्म में से ठंडा पानी ला!"

*

मामांना पहिला डिव्हिडंड आला, एकशेपासष्ट रुपये. त्यांनी चारशेचे पेढे वाटले! मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मामा, डिव्हिडंड उत्पन्नात दाखवावा लागतो बरं."

"अन् पेढ्याचा खर्च वजा व्हतो का?"

"नाही."

"मंग पेढा थुका!"

*

एका वर्षी मी सपाटून तोट्यात, मामा चांगले नफ्यात. मॅडम मला समजावत होत्या, "हा तोटा रिटर्नमध्ये दाखवा, पुढं शेअरच्या नफ्यातून वजा करता येईल."

मामांचे डोळे चमकले. "पुढं कशाला? माझ्याच नफ्यातून वजा करा की ह्यांचा तोटा. एका टेबलावर जेवतो आम्ही!"

"मामा, सख्ख्या भावाचा तोटासुद्धा चालत नाही."

मामा माझ्याकडं बघून हळहळले. "एवढा मोठा तोटा, अन् समदा वाया चालला!"

*

मामा रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. शेअर म्हणजे जुगार, असं मामींचं ठाम मत. म्हणून सहा वर्षं मामांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. आता दिवसभर घरीच राहायचं, त्यामुळं सांगणं भाग होतं. एकट्यानं धीर होईना, म्हणून शनिवारी मामींना कॅन्टीनलाच घेऊन आले.

घाम पुसत मामा म्हणाले, "हे बघ, चिडू नको. बँकेचे दोनशे शेअर घेतलेत मी. आपल्या म्हातारपणाला."

मामींनी पिशवीतून मोबाइल काढून मॅडमपुढं ठेवला. "माझंबी बघा जरा."

मॅडमनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "सहाशे चाळीस! तीच बँक!"

मामांनी मोबाइल ओढून आकडा स्वतः वाचला.

मॅडमनी रीतसर विचारलं, "मामी, मामांच्या पैशातून घेतलेत का? तसं असेल तर नफा मामांच्या उत्पन्नात धरावा लागतो."

"नाय. दुधाच्या पैशातनं. म्हशी माझ्या, धारा मी काढते."

"अगं, मग मला जुगार जुगार का म्हणत व्हतीस?" मामा कळवळले.

"तुम्ही करताय म्हणून!"

रफिकभाईंना राहवेना. "भाभी, हीच बँक घ्यायची, हे सांगितलं कुणी तुम्हाला?"

मामींनी मामांकडं बोट केलं. "ह्यांनीच. सहा वर्षं झाली, झोपेत हेच नाव घेत्यात. आधी मला वाटलं, कुणी बाई हाय!"